नव्याच्या सणाला दहावा माणूस

कोकणातले बेने इस्रायल यहुदी आपल्या नववर्षाला पिढ्यानपिढ्या ‘नव्याचा सण’ म्हणत आले आहेत. हिब्रू पंचांगातल्या तिश्री महिन्याचा पहिला दिवस म्हणजे हा सण, रोश हशाना. तिश्री अमावास्येपाठोपाठ लागतो, म्हणून नवं वर्ष कधी गणपतीच्या तोंडावर येतं, तर कधी घटस्थापनेला भिडतं. २०२५ मध्ये ज्या दिवशी घट बसले त्याच संध्याकाळी ५७८६ साल सुरू झालं. २०२६ मध्ये ५७८७ लागतं ते ११ सप्टेंबरच्या, शुक्रवारच्या सूर्यास्ताला. तीन दिवसांनी गणपती.

रेवदंड्याचं सिनेगॉग १८४२ चं, अलिबागचं १८४८ चं, पनवेलचं १८४९ चं, पेणचं १८६३ चं. एके काळी गावोगावच्या तेल्यांनी, सुतारांनी, पेन्शनर सुभेदारांनी ती भरून जात. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. ठाण्याला आजही बऱ्यापैकी माणसं जमतात. कोकणात मात्र एकेका सिनेगॉगभोवती मोजकीच कुटुंबं उरली आहेत. आजोबा अलिबागचे किंवा पेणचे, आपण मात्र पुण्यात किंवा कल्याणला, आणि यंदा सणाला त्या छोट्या सिनेगॉगात जावं असं मनात आहे, अशा वाचकाला तिथलं काम कसं चालतं ते सांगायचं आहे.

पहिली गोष्ट दहाची. सनातनी रिवाजात तेरा वर्षांवरचे दहा यहुदी पुरुष जमले की ‘मिन्यान’ होतो. प्रार्थना एकट्यानंही करता येते. पण मृतांच्या आठवणीतली कद्दीश प्रार्थना म्हणणं, धर्मग्रंथ तोराची गुंडाळी काढून वाचणं, मुख्य प्रार्थना ती चालवणाऱ्या हझ्झाननं मोठ्यानं पुन्हा म्हणणं, हे दहाशिवाय होत नाही. म्हणजे नऊ जण पहाटेपासून बसले असले, तरी ज्याचे वडील गेल्या वर्षी वारले त्याला कद्दीश म्हणता येत नाही. मोठ्या शहरात अकरावा, पन्नासावा माणूस आला काय नि न आला काय. इथे तुम्ही येता की नाही यावर तोरा निघणार की नाही हे ठरतं. म्हणून येणार असाल तर आधी कळवा, आणि कळवलंत तर वेळेवर या. माझ्या मते छोट्या मंडळीला नवख्या माणसाकडून याहून मोठी मदत होत नाही. (स्त्रियांना बरोबरीनं मोजणारी उदारमतवादी मंडळीही मुंबईत आहे. ज्यूइश रिलिजस युनियन १९२५ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या उभारणीत डॉ. जेरुशा झिराड पुढे होत्या.)

कळवायचं कुणाला? मंडळीचा प्रमुख तो मुकादम, हिशेब बघणारा गबाय, प्रार्थना चालवणारा हझ्झान, आणि दारं उघडण्यापासून दिवे लावण्यापर्यंत सगळं सांभाळणारा शम्माश. लहान गावात यातली दोन-तीन कामं एकाच माणसाकडे असतात. आधी फोन करण्याचं आणखी एक कारण आहे. २००८ च्या हल्ल्यात मुंबईचं नरिमन हाऊस हे यहुदी केंद्र लक्ष्य झालं, तेव्हापासून अनोळखी माणसाला दारात ओळखपत्र विचारतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

सणाच्या आधीचा एलुल महिना तयारीचा. पहाटे सलीहोत, म्हणजे क्षमायाचनेच्या प्रार्थना असतात. ओळख व्हायला हा काळ फार चांगला, कारण सणाच्या दिवशी कुणाला सवड नसते. हिब्रू वाचता येत नसेल तर संकोच नको. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकातच प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, कारण तेव्हाही पुष्कळांना हीच अडचण होती. शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्याला पान विचारा. कुठे ‘आमेन’ म्हणायचं, कुठे उभं राहायचं, हे एका सकाळीत कळतं.

संध्याकाळची प्रार्थना आटोपली की ताटाकडे वळायचं. खजूर, डाळिंब, भोपळा, चवळी, बीट किंवा पालक, मध लावलेलं सफरचंद, माशाचं डोकं, आणि प्रत्येक घासाआधी नव्या वर्षासाठी एकेक मागणं. मासा खवल्यांचा हवा. कोळंबी-खेकडे चालत नाहीत. दुसऱ्या रात्री हंगामातलं नवं फळ ठेवतात, आणि सप्टेंबरात सीताफळाइतकं सोयीचं दुसरं काय? या सणाचं खास पक्वान्न मात्र चिकाचा हलवा. गहू भिजवून वाटायचे, चीक काढायचा, नारळाच्या दुधात साखर घालून तो घट्ट होईपर्यंत ढवळत राहायचं. मटणाच्या जेवणासोबत गाईम्हशीचं दूध वर्ज्य, म्हणून नारळाचं. तासन्‌तास ढवळायला हात कमी पडतात. हलवा करणाऱ्या मावशींना ‘मी येऊ का?’ असं विचारा. नाही म्हणणार नाहीत, आणि प्रमाण कुठल्याही पुस्तकापेक्षा तिथे नीट शिकाल.

सकाळची प्रार्थना लांब असते, चार-पाच तास सहज जातात. पुरुषांनी डोकं झाकायचं, स्त्रिया वेगळ्या किंवा वरच्या सज्जात बसतात. मोबाइल बंद, फोटो नाहीत, लिहिणं नाही, पैशाला हात लावणं नाही. तोराची पेटी उघडण्यासारख्या मानाची बोली अनेक ठिकाणी लागते. रक्कम बोलायची आणि सण उलटल्यावर भरायची. त्या पैशातून छपराची कौलं बदलली जातात, म्हणून ऐपतीप्रमाणे एखादी बोली जरूर घ्या.

सगळ्यांचे कान लागलेले असतात ते शोफारकडे. मेंढ्याचं शिंग ते. एक लांब सूर ‘तकिया’, तीन तुटक हुंदके ‘शवारिम’, आणि नऊ किंवा अधिक बारीक ठोके ‘तरुआ’. असे शंभराच्या आसपास स्वर होतात. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, शोफार वाजवत नाहीत, त्यामुळे २०२६ मध्ये तो रविवारीच, १३ तारखेला ऐकू येईल. त्याच दिवशी अब्राहामानं इसहाकाऐवजी मेंढा अर्पण केला तो अध्याय वाचला जातो. फक्त एकच दिवस जाता येणार असेल, तर यंदा रविवार धरा. वाहत्या पाण्याजवळ जाऊन पापं सोडून देण्याचा ‘तश्लीख’ही पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या दिवसावर जाईल, आणि अलिबाग-रेवदंड्याला समुद्र तर जवळच.

प्रार्थना संपली की एकमेकांच्या हातांना हात लावून बोटं ओठांशी नेतात. वडीलधाऱ्यांपासून ते सुरू होतं. तुमच्याकडे हात आले की तुम्हीही तसंच करा आणि पुढच्याकडे वळा. शेजारचे हिंदू-मुसलमान स्नेहीही पूर्वीपासून या दिवशी येतात. मिन्यानात त्यांची मोजणी होत नाही, पण आधी विचारून आलेल्या पाहुण्याला बसायला जागा आणि हलव्याचा तुकडा मिळतोच.

पहिल्या सणाला आलेली माणसं दहाव्या दिवशी दिसत नाहीत, ही छोट्या मंडळीची जुनी अडचण. जुने लोक ज्याला दारफाळणीचा सण म्हणत तो प्रायश्चित्ताचा दिवस योम किप्पूर २० सप्टेंबरच्या संध्याकाळी लागेल. पंचवीस तासांचा कडक उपास, पांढरे कपडे, चामड्याची पायताणं नाहीत, आणि जवळजवळ पूर्ण दिवस सिनेगॉगात. दहा माणसांची गरज सगळ्यात जास्त तेव्हा, संध्याकाळी उपासानं थकलेले म्हातारे घरी जायला निघतात तेव्हा. रजेचा अर्ज करताना २१ तारखेचा सोमवारही त्यात घाला, आणि मुकादमांना दोन्ही दिवसांचं एकदमच सांगून ठेवा.