स्पायडरमॅनच्या एका पानाला २५ कोटी? का?
जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात कॉमिकचं एक पान ३३.६ लाख डॉलरला विकलं गेलं. तेव्हाचे साधारण २५ कोटी रुपये! छापील अंक नव्हे हं. १९८४ च्या 'सीक्रेट वॉर्स'च्या आठव्या अंकासाठी माइक झेक यांनी हाताने रेखाटलेलं मूळ पान. छापील प्रती ढिगाने असतात, मूळ पान एकच.

पण भाव ठरतो तो पानावर काय घडतंय यावर. इथे स्पायडरमॅनला त्याचा काळा सूट मिळतो. नुसत्या गप्पांच्या पानाला एवढं कोण देणार?

जुन्या चित्रकारांच्या हाती मात्र फारसं लागलं नाही. जॅक कर्बींनी मार्व्हलसाठी हजारो पानं काढली. बरंच भांडल्यावर १९८७ मध्ये त्यांना परत मिळाली जेमतेम दोनेक हजार.