बाणगंगेतील भाद्रपद

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की वाळकेश्वरच्या बाणगंगेच्या पायऱ्यांवर दर्भ, काळे तीळ, पळी-ताम्हने आणि केळीच्या पानांवर मांडलेले भाताचे पिंड यांची जी दाटी होते, तिचा शास्त्रार्थ सांगणारे गुरुजी तेथे मुबलक भेटतात. पाण्यात सोडलेल्या पिंडाचे पुढे काय होते, हे विचारणारा यजमान मात्र विरळा. शिलाहारांच्या दरबारातील लक्ष्मण प्रभू यांनी ११२७ साली बांधविले असे सांगितले जाणारे हे तळे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असूनही गोड्या झऱ्यावर जगत आले आहे. गवालिया टँक, धोबी तलाव, सी. पी. टँक यांची नावे तेवढी शिल्लक राहिली आणि तळी बुजविली गेली. बाणगंगा बचावली, आणि गिरगाव-परळकडच्या कित्येक घराण्यांच्या पितरांचा सारा भार तिच्या एकटीच्या पाण्यावर येऊन पडला.

हा भार मोजता येतो. शंभर ग्रॅम शिजलेल्या भाताच्या पिंडात सुमारे अठ्ठावीस ग्रॅम पिष्ट असते आणि त्या पिष्टातील कर्ब पुरता जळून कर्बवायू होण्यास तेहतीस ग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. हे ज्वलन पाण्यातील सूक्ष्मजंतू करतात, आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू त्याच पाण्यातून उचलतात. तीस अंश उष्णतेचे पाणी लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू धरू शकत असल्यामुळे त्या एका पिंडाचा खर्च चार हजारांहून अधिक लिटर पाण्यातील सगळी शिल्लक फस्त करण्याइतका होतो. हवेतून नवी भरती चालू असते हे खरे, तरी ती सावकाश होते. उत्तरेकडील थंड सरोवरे गोठणबिंदूजवळ लिटरमागे साडेचौदा मिलिग्रॅम बाळगतात. आपल्या तळ्याला ती चैन परवडण्यासारखी नाही.

रसायनशास्त्राचे अध्यापन करून निवृत्त झालेले माझे एक स्नेही दर पितृपक्षात तेथे बाटल्या घेऊन बसतात, आणि त्यांच्या शेजारी बसण्याचा परिपाठ मीही ठेवला आहे. विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनज्ञाने १८८८ साली दाखवून दिलेली त्यांची रीत आजही विश्वासार्ह मानली जाते. काचेच्या बुचाची बाटली हवेचा एकही बुडबुडा आत राहू न देता काठोकाठ भरावयाची, पिपेटचे टोक पाण्याखाली नेऊन प्रथम मँगेनीजचे आणि मग अल्कलीयुक्त आयोडाइडचे द्रावण सोडावयाचे, बूच लावून बाटली उलटीसुलटी करावयाची आणि स्वस्थ पाहात राहावयाचे. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी साका धरतो, नसला तर तो पांढराच राहतो. पुढे आम्ल, स्टार्च आणि हायपो घालून नेमका आकडा काढण्याचे काम घरच्या टेबलावर होते, परंतु निकाल पायरीवरच कळून चुकतो. दुपारी उन्हात भरलेल्या बाटलीत मधासारखा तपकिरी रंग दाटून आला होता. पहाटे, जेथे आदल्या दिवशीचे पिंड आणि झेंडूच्या माळा कोपऱ्यात साचल्या होत्या तेथल्या पाण्याचा साका जवळजवळ पांढरा उतरला. दिवसा शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडते आणि रात्री इतरांच्या पंगतीला बसून तेही प्राणवायूच घेते, त्यामुळे तंगी शिगेला पोहोचते ती उजाडण्यापूर्वी.

"काका, पहाटे बघा, सगळे मासे तोंड वर काढून उभे असतात; ऊन चढलं की खाली जातात," असे जाळी घेऊन आलेल्या सफाई कामगाराने आम्हांला सांगितले. ज्या साली आभाळ भरून राहते आणि ऊन चढतच नाही, त्या साली सर्वपित्री अमावास्येच्या सुमारास मेलेल्या माशांचा थर पाण्यावर तरंगतो आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. मासे विषाने मेले अशी आवई दरवेळी उठते. वास्तविक ते गुदमरून मेलेले असतात.

परंतु माझ्या मते खरा मामला याहून खोल आहे. पिंडातील कर्ब कर्बवायू होऊन हवेत जातो, तेव्हा त्याचे प्रकरण काही दिवसांत निकालात निघते. तीळ, जवाचे पीठ, फुले आणि बदकांची विष्ठा यांतून येणाऱ्या स्फुरदाला हवेत जाण्याची वाटच नाही. १९७३ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात शास्त्रज्ञांनी एक सरोवर पडद्याने दुभागले, दोन्ही भागांत कर्ब आणि नत्र घातले आणि एकाच भागात स्फुरद मिसळला. शेवाळाने हिरवागार झाला तो तेवढाच भाग. कर्ब हवेतून मिळतो, नत्रही काही जातींचे शेवाळ हवेतून बांधून घेते. स्फुरद मात्र कुणीतरी आणून टाकावा लागतो.

बाणगंगेत तो श्रद्धेने आणून टाकला जातो, आणि तळाच्या गाळात लोहाशी बांधला जाऊन पडून राहतो. तळाशी प्राणवायू संपला की लोहाची ही पकड सुटते आणि वर्षानुवर्षांचा साठा पुन्हा पाण्यात येऊन नव्या शेवाळाला पोसतो. म्हणजे पिंड घालणे एखाद्या वर्षी अजिबात बंद झाले, तरी जुने पिंड काम करीतच राहतील. जाळीने मेलेले मासे उचलणारा तो कामगार दुर्गंधीचा बंदोबस्त करतो एवढेच आपणांस दिसते; त्या माशांच्या हाडांत बसलेला स्फुरदही तो तळ्याबाहेर नेत असतो, आणि या तळ्यातून स्फुरद बाहेर जाण्याचे मार्ग फार थोडे आहेत. दुसरा मार्ग गाळ उपसण्याचा. तोही यंत्राच्या हवाली करण्याजोगा नाही, कारण २०२४ च्या जून महिन्यात गाळ काढण्यासाठी उतरविलेल्या यंत्राने जुन्या दगडी पायऱ्या फोडल्या आणि प्रकरण पोलिसांत गेले. स्नेह्यांचा आग्रह असा की पिंड पाण्याला लावून लागलीच पात्रात काढून घ्यावेत आणि गाळ उन्हाळ्यात घमेल्यांनी उपसावा. पहिल्या सूचनेला एका वृद्ध गुरुजींनी मान डोलावली, दुसरीला मजुरी कोण देणार असे विचारले.