सेव्ह दाबल्यावर मिळणारा क्रमांक

विश्रांतवाडीतला एखादा दवाखाना घ्या. नव्या पेशंटचं नाव, वय, फोन नंबर भरून ‘सेव्ह’ दाबलं की पडद्यावर केस नंबर उमटतो, समजा 4182. काउंटरवरच्या मुलीने तो टाइप केलेला नसतो. सेव्ह दाबेपर्यंत तो कुठेच नसतो.

इथून येरवडा-खराडीच्या कंपन्यांत जाणारे प्रोग्रामर हा क्रमांक मिळवण्याचं काम हायबरनेट किंवा जँगोच्या, म्हणजे ऑब्जेक्ट डेटाबेसात साठवणाऱ्या, लायब्ररीवर सोपवतात. पेशंटचं ऑब्जेक्ट मेमरीत तयार होतं तेव्हा त्याचा आयडी, म्हणजे हाच केस नंबर, रिकामा असतो. सेव्ह म्हटलं की लायब्ररी इन्सर्टची आज्ञा रचते आणि आयडी सोडून बाकी सगळं पाठवते. मायएसक्यूएल हा डेटाबेस पुढचा आकडा लावतो. लायब्ररी तो लगेच मागून घेते आणि ऑब्जेक्टमध्ये भरते. हा ‘शेवटचा आकडा’ प्रत्येक कनेक्शनपुरता वेगळा ठेवलेला असतो, म्हणून शेजारच्या काउंटरवर त्याच क्षणी कुणी सेव्ह केलं तरी घोळ होत नाही. सर्वांत मोठा आयडी शोधून त्यात एक मिळवायचा, हा नवशिक्यांचा उपाय इथेच फसतो: दोघांनाही 4181 दिसतो आणि दोघेही 4182 लावतात.

मग फोन नंबरच का वापरू नये? कारण तो बदलतो, आणि घरातल्या पाच पेशंटचा तो एकच असू शकतो. चांगल्या प्रायमरी कीला, म्हणजे नोंद ओळखण्याच्या क्रमांकाला, स्वतःचा अर्थ नसावा, असं माझं ठाम मत आहे. आळंदीहून विश्रांतवाडीमार्गे पुण्यात येणाऱ्या माउलींच्या पालखीत दिंडीच्या क्रमांकाला जागा असते, मान असतो. कीला यातलं काहीच नको. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला, तोही याच विचाराने: बारा अंक, त्यांत ना जात, ना गाव, ना वय. फक्त शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला, टाइप करताना झालेली चूक पकडण्यासाठी.

खरी तक्रार येते ती अकाउंटंटकडून: “मधले नंबर गेले कुठे?” पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हे आकडे सीक्वेन्समधून, म्हणजे पुढचा आकडा देणाऱ्या मोजणीतून, येतात आणि व्यवहार (ट्रान्झॅक्शन) अर्ध्यात रद्द झाला तरी घेतलेला आकडा परत जात नाही. परत घ्यायचा तर पहिल्याचा व्यवहार संपेपर्यंत बाकी सगळ्यांना थांबवावं लागेल. शिवाय हायबरनेट सीक्वेन्स वापरताना, वेगळं सांगितलं नसेल तर, पन्नास-पन्नास आकड्यांचा गठ्ठा राखून ठेवतो. सर्व्हर मध्येच बंद पडला की उरलेले वाया. यात काहीही बिघडलेलं नसतं.

बिलाची गोष्ट मात्र निराळी. जीएसटीच्या नियमानुसार बिलाचे क्रमांक ओळीने लागतात. म्हणून बिल क्रमांकाचा कॉलम वेगळा ठेवायचा आणि तो त्याच व्यवहारात, बिलांची मोजणी ठेवणाऱ्या ओळीला लॉक लावून द्यायचा. तेवढ्यापुरतं दुसऱ्या काउंटरला क्षणभर थांबावं लागतं, आणि बिलासाठी तेवढं थांबणं परवडतं.