गावी घर, परळला फुटपाथ

परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाच्या आसपास प्लास्टिकच्या आडोशाला राहणाऱ्या माणसांना कुणी बेघर म्हणत नाही. विदर्भात, खानदेशात, बिहार-बंगालात त्यांचं घर आहे, आधार कार्डावर पत्ता आहे. त्यांना इथे अडकवून ठेवतो तो उपचार. रेडिएशन बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असं कित्येक आठवडे चालतं. मशीनखाली काही मिनिटंच जातात, पण रोज गावाहून येणं शक्य नाही आणि तेवढ्यासाठी खाट मिळत नाही. त्यात केमोनं प्रतिकारशक्ती ढासळलेली. धूळ, डास, दूषित पाणी यातून ताप आला की पुढचा डोस लांबतो. म्हणून निवारा हा मला औषधोपचाराचाच भाग वाटतो.

गाडगेबाबांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा आणि रोग्यांना औषधोपचार ही दोन्ही कामं आहेत. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा कर्करुग्णांसाठी ती एकत्रच करते. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. अशा ठिकाणी रुग्णाबरोबर सोबतीच्या माणसालाही पाठ टेकता येते, आणि आदल्याच महिन्यात याच चक्रातून गेलेलं एखादं कुटुंब शेजारी भेटतं. कुठल्या खिडकीवर आधी जायचं, मदतीचा अर्ज कुठे द्यायचा, हे त्यांच्याइतकं नीट कोण सांगणार? पण मागणीपुढे या जागा अपुऱ्या पडतात.

मे 2021मध्ये म्हाडानं लालबाग-परळ भागातली 100 घरं रुग्ण आणि त्यांच्या सोबत्यांच्या निवाऱ्यासाठी टाटा रुग्णालयाला दिली, चाव्याही सोपवल्या. रहिवाशांनी हरकत घेतली आणि जूनमध्ये निर्णयाला स्थगिती मिळाली. लगेच भोईवाड्यात बॉम्बे डाइंगच्या जागेवरची घरं देण्याचं ठरलं, हे बरं झालं. तरी ती हरकत मला अजून बोचते. गावकीच्या खोलीत पाळीपाळीनं झोपून, खानावळीत जेवून ज्यांनी गिरण्या चालवल्या, त्यांचाच हा परिसर. परगावाहून आलेल्याला टेकायला जागा लागते, हे लालबागला कुणी शिकवायला नको होतं.

आणखी एक वाट आहे, शहरातल्या बेघरांसाठीच्या सरकारी रात्रनिवाऱ्यांची. त्यांचा निकष लाख लोकसंख्येमागे एक असा आहे. 2011च्या जनगणनेनुसार मुंबईला सुमारे सव्वाशे हवेत. त्यातले काही तरी केईएम आणि टाटा या रुग्णालयांपासून पायी अंतरावर असावेत, दिवसाही उघडे असावेत, आणि आजारी बाईला नवऱ्यासोबत किंवा मुलासोबत राहता येईल असे असावेत. पुरुषांचा निवारा एकीकडे आणि बायकांचा दुसरीकडे असेल, तर रात्री उलट्या होणाऱ्या बायकोला सोडून नवरा तिथे जाणार नाही. तो तिच्याजवळ फुटपाथवरच थांबेल.