इस्कंदरियात तीन रात्री, तेही रमजानात

"रमजानात कुणी फिरायला जातं का?" गेल्या वर्षी हा प्रश्न मला निदान वीस जणांनी विचारला असेल. त्यातल्या काहींचं म्हणणं होतं, एवढे पैसे जमलेत तर उमरा कर. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी तर तोंडावरच सांगितलं, रोज्यांचा महिना घरी आणि मशिदीत काढायचा असतो. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आमच्या घरात या सहलीचा हिशेब जुना होता.

अब्बा जहाजावर खलाशी होते. कोकणच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी मुसलमान घरांत अशी एखादी समुद्री बॅग आजही माळ्यावर सापडेल. १९७९ साली त्यांचं जहाज इजिप्तच्या इस्कंदरिया, म्हणजे अलेक्झांड्रिया बंदराला लागलं. रमजान भर उन्हाळ्यात होता. एका संध्याकाळपुरतं खाली उतरायला मिळालं आणि मगरिबच्या वेळी अब्बा रस्त्यातच अडकले. फुटपाथवर लांबच लांब टेबलं मांडली होती. कुणीतरी हाताला धरून त्यांना बसवलं, पुढ्यात ताट ठेवलं. नाव, गाव, काही विचारलं नाही. ही गोष्ट आम्ही एवढ्या वेळा ऐकली की पुढे आम्हीच ती त्यांना सांगायचो. अब्बांना जाऊन आता सात वर्षं झाली. बहात्तर वर्षांची अम्मी एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाली, "ते टेबल मला बघायचंय." अब्बांची गोष्ट रमजानातली होती, त्यामुळे इतर महिन्यात जाऊन काय दिसणार?

अम्मी, बायको आणि मी असे तिघे ठरलो. हे ऐकल्यावर माझा शाळेपासूनचा मित्र आणि त्याची बायको आपणहून गळ्यात पडले. तो सगळं खातो, वहिनी अंडंसुद्धा खात नाहीत. म्हणजे पाच माणसं, त्यांत तिघांचे रोजे, एक पक्की शाकाहारी आणि एकीचे गुडघे दुखरे. नियोजन म्हणतात ते इथे सुरू झालं.

पहिला प्रश्न रोज्यांचाच होता. प्रवासी आणि आजारी माणसाने रोजे पुढे ढकलावेत आणि तेवढे दिवस नंतर भरून काढावेत, अशी सवलत कुरआनातच, सुरह बकरामध्ये आहे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. या इमाम शाफईंची कबर कैरोत आहे. शाफई मतानुसार, येण्याजाण्याचे दिवस सोडून मुक्काम चार दिवसांहून कमी असेल तर माणूस प्रवासीच राहतो. आमच्या तीनच रात्री होत्या. विमानाच्या दिवशी रोजा सोडायचा हे अम्मीने मान्य केलं, तेही गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घेतल्यावर. मुक्कामाचे रोजे मात्र तिने सोडले नाहीत. दिवस काही फार मोठा नव्हता. मार्चमध्ये तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि हवा आपल्या डिसेंबरहून गार असते.

गार म्हणजे बोचरी गार. भूमध्य समुद्राचा हिवाळा पावसाचा असतो. तिथल्या कोळ्यांनी हिवाळी वादळांची नावं ठरवून ठेवली आहेत. वादळाला ते 'नव्वा' म्हणतात. नोव्हेंबरात येणाऱ्या एकाचं नाव 'मक्नसा', म्हणजे झाडू, कारण ते सगळं झाडून नेतं. मार्चअखेरपर्यंत एखादं डोकावतंच. नारळी पौर्णिमेवर भरवसा ठेवणाऱ्या आपल्या कोळ्यांना ही भाषा लगेच कळेल. तेव्हा स्वेटर आणि छत्री हवीच. समुद्रात पोहायची स्वप्नं बघू नयेत.

मुंबईहून विमानाने कैरो आणि तिथून रेल्वेने सुमारे दोनशे दहा किलोमीटर. हा लोहमार्ग १८५६ पासून चालू आहे, आपल्या बोरीबंदर-ठाण्यानंतर तीनच वर्षांनी. रमजानात एवढं पाहावं की गाडी सूर्यास्ताच्या आसपास पोहोचू नये, कारण त्या वेळी स्टेशनाबाहेर चिटपाखरू नसतं. ईदच्या आधीच्या आठवड्यात तिकिटं मिळणं आपल्याकडच्या गणपतीसारखंच अवघड होतं. व्हिसा इथूनच काढून न्यावा.

आता वहिनींचं जेवण. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की तिथे सकाळ-संध्याकाळ फूल खायचं आहे. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतोय. 'फूल' म्हणजे पावट्यापेक्षा मोठ्या, तपकिरी दाण्यांची रात्रभर मंद आचेवर शिजवलेली उसळ. वर तेल, जिरं, लिंबू. त्याच दाण्यांचे वडे म्हणजे 'तआमिया'. आणि 'कोशरी' म्हणून जो पदार्थ तिथे गल्लोगल्ली मिळतो, त्यात तांदूळ, मसूर, मॅकरोनी, चणे, टोमॅटोचा रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा असतो. ही कोशरी आपल्या खिचडीवरूनच निघाली असं बरेच जण मानतात. मॅकरोनी बाजूला सारून पहिला घास घेतल्यावर वहिनींचंही तेच मत झालं.

पण खरी किल्ली निघाली एका शब्दात. इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती ईस्टरआधी पंचावन्न दिवसांचा मोठा उपवास करतात. त्यात मांस, अंडी, दूध, काहीच चालत नाही. अशा जेवणाला 'सियामी' म्हणतात. आपल्या 'सियाम'चाच, म्हणजे रोज्याचाच तो शब्द. सध्याची काही वर्षं रमजान आणि हा उपवास फेब्रुवारी-मार्चमध्ये एकत्र येतात. म्हणजे त्या दिवसांत अर्ध्या शहराचा नाही, जवळजवळ सगळ्याच शहराचा उपवास असतो, फक्त प्रत्येकाचे नियम वेगळे. एकादशी आणि निर्जळी एकादशी यांतला फरक कळणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वहिनी दुकानात जाऊन नुसतं "सियामी?" विचारत आणि दुकानदार बोटाने दाखवी. एके ठिकाणी त्याने त्यांना ईस्टरच्या आगाऊ शुभेच्छाही दिल्या. त्यांनी त्या घेतल्या.

दिवसा हॉटेलच्या खोलीत खाण्याला काही अडचण नव्हती, पाण्याची बाटली रस्त्यावर उघडली तर कुणी ओरडतही नाही. तरी मित्र दुसऱ्या दिवसापासून आडोशाला जाऊन पाणी प्यायला लागला. मी म्हटलं, "अरे, पी की इथेच." तो म्हणाला, "अम्मी समोर आहेत."

बघायचं काय? यादी मोठी आहे. शहर इसवी सनापूर्वी ३३१ मध्ये सिकंदराने वसवलं. जुनं ग्रंथालय नष्ट झालं, त्याच्या आठवणीत बांधलेलं नवं २००२ साली उघडलं. त्याची तिरकी गोल भिंत आस्वानच्या ग्रॅनाइटची आहे आणि तिच्यावर जगभरच्या लिप्यांतली अक्षरं कोरली आहेत. मित्राने तिथे 'आपली' अक्षरं शोधण्यात तासभर घालवला, शेवटी आम्ही त्याला ओढून आणलं. १८ वर्षं बंद असलेलं ग्रीक-रोमन संग्रहालय २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालंय. नबी दानियाल नावाच्या एकाच रस्त्यावर मशीद आणि यहुद्यांचं एलियाहू हनावी प्रार्थनालय आहे, आणि सेंट मार्कचं कॉप्टिक कॅथेड्रल तिथून हाकेच्या अंतरावर. आमच्या गुडघ्यांच्या मानाने हा भाग सोयीचा होता.

अम्मीला मात्र दर्ग्याच्या परिसरात जास्त वेळ हवा होता. तेराव्या शतकातले सूफी अबुल अब्बास अल-मुर्सी हे मूळचे स्पेनमधल्या मुर्सियाचे. त्यांच्या कबरीवरची आजची भव्य मशीद मारिओ रॉसी या इटालियन वास्तुविशारदाने उभारली. समोरच 'कसीदा बुर्दा' रचणारे इमाम बुसीरी विसावलेत. आमच्या आजीला तो कसीदा तोंडपाठ होता. लग्नाच्या आदल्या रात्री घरात म्हटला जायचा. अम्मी तिथे भिंतीला टेकून बसली आणि ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली. आम्ही घड्याळ बघणं सोडून दिलं.

आणि कायतबाई किल्ला. सुलतान कायतबाईने १४७७ मध्ये तो बांधायला घेतला, तो जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेल्या दीपस्तंभाच्या जागेवर. शंभर मीटरहून उंच असलेला तो स्तंभ भूकंपांनी खचत गेला. १३२६ साली इब्न बतूता आला तेव्हा त्याची एक बाजू पडली होती. १३४९ मध्ये परतताना त्याला आत शिरणंही शक्य झालं नाही. या दोन भेटींच्या मधल्या काळात तो दिल्लीला राहिला आणि आपल्या दौलताबादलाही येऊन गेला. हिंदुस्थानात जाशील, असं भाकीत त्याला याच इस्कंदरियात एका फकिराने सांगितलं होतं.

किल्ल्याची ही सगळी माहिती मी बाहेरच उभं राहून सांगितली, कारण माझी चूक झाली होती. रमजानात अशी ठिकाणं दुपारीच बंद होतात, हे ठाऊक असूनही मी पहिल्या दिवशी सगळ्यांना उशिरा नेलं. नियम साधा आहे: सकाळी नऊला बाहेर पडायचं, दुपारी झोपायचं, रात्री पुन्हा निघायचं. तो मीच मोडला. मग समुद्राच्या कडेने रमतगमत निघालो आणि पावणेसहाला टॅक्सी शोधू लागलो. एकही नाही. एवढं मोठं शहर, आणि रस्ता रिकामा. अम्मी कठड्यावर बसली, तिचे ओठ सुकलेले. मला स्वतःचाच राग येत होता.

शेवटी एक टॅक्सी थांबली. सिग्नलला पोरांचं टोळकं आडवं आलं आणि खिडकीतून पाच पिशव्या आत पडल्या. खजूर आणि चिंचेचं सरबत. अजानच्या वेळी रस्त्यावर असलेल्या प्रत्येक गाडीसाठी तिथे हे वाटतात. मित्र खजूर हातात धरून बसून होता. मी म्हटलं, "तू खा." तो म्हणाला, "होऊ दे की अजान."

टेबल तिसऱ्या संध्याकाळी मिळालं. 'मवाइद अर-रहमान' म्हणतात त्यांना, रहमानची टेबलं. मुर्सी मशिदीपासून थोडं पुढे, गल्लीच्या तोंडाशी, वर रंगीत फानूस. आपण मराठीत फाणस म्हणतो तोच. मित्राला संकोच वाटत होता. हे गरजूंसाठी असणार, आपण विकत घेऊन खाऊ शकतो. मी वाढणाऱ्या पोराला मोडक्या इंग्रजीत तेच सांगायला गेलो. त्याने माझ्या खांद्यावर हात दाबून मला खाली बसवलं आणि ताट सरकवलं. बायकांची बाकं पलीकडे होती. वहिनींनी भात, पाव, काकडी आणि खजूर घेतले, कोंबडीचा तुकडा शेजारच्या बाईच्या ताटात गेला. कुणी काही विचारलं नाही.

अम्मीकडे मी दोनदा वळून पाहिलं. ती जेवत होती, एवढंच. परत चालताना म्हणाली, "त्यांनी सांगितलं त्यापेक्षा टेबल लहान आहे." मग थोड्या वेळाने, "तेव्हा मोठं असेल."

घरी आल्यावर शेजारणी जमल्या. कसं आहे इस्कंदरिया, त्यांनी विचारलं. अम्मी म्हणाली, "समुद्र आपल्यासारखाच. मासे महाग आहेत."