वाट कोणाच्या मालकीची?

स्पेन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बैलांच्या झुंजी, फुटबॉलचे सामने आणि समुद्रकिनारी ऊन खात पहुडलेले प्रवासी एवढेच येते. पण किनारा सोडून पन्नास-शंभर कोस आत गेले, तर निराळाच देश लागतो. क्षितिजापर्यंत पसरलेली गव्हाची आणि जवाची शेते, ऑलिव्हचे मळे, ओक वृक्षांच्या विरळ राया, खोल दऱ्यांतून वाहणाऱ्या नद्या आणि बहुतेक म्हाताऱ्या माणसांचीच वस्ती उरलेली गावे, असे या देशाचे रूप आहे. जाड टायरांच्या, डोंगरवाटांवर चालणाऱ्या सायकली घेऊन या शिवारातून आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस हिंडणारी मंडळी आता नवी राहिलेली नाहीत. सुखवस्तू माणसांची एक हौस म्हणून ही गोष्ट सोडून देता आली असती. परंतु या सायकली ज्या वाटांवरून धावतात त्या वाटांचा इतिहास पाहिला, म्हणजे हा विषय केवळ सहलीचा राहत नाही. सार्वजनिक मालमत्ता टिकते कशी आणि टिकल्यावर ती कोणाच्या उपयोगी पडते, हा प्रश्न तेथे उभा राहतो.

कास्तीलचा राजा दहावा अल्फोन्सो याने १२७३ साली आपल्या राज्यातील मेंढपाळांच्या संघाला सनद दिली. ‘मेस्ता’ या नावाने हा संघ पुढे प्रसिद्धीस आला. उन्हाळ्यात उत्तरेकडील डोंगरांत आणि हिवाळ्यात दक्षिणेकडील एस्त्रेमादुरा व अँदालुसियाच्या कुरणांत कळप न्यावयाचे, हा तेथील मेंढपाळांचा वार्षिक क्रम. पावसाळा आला की कोकणातून देशावर परतणारे आपले धनगर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. मेरिनो मेंढीची लोकर हा कास्तीलच्या संपत्तीचा मोठा आधार असल्याने राजसत्तेने या कळपांसाठी वाटा राखून ठेवल्या. त्यांतील सर्वांत मोठ्या वाटांना ‘कान्यादा’ म्हणतात. त्यांची रुंदी नव्वद ‘वारा’, म्हणजे सुमारे ७५ मीटर. त्यात नांगर घालण्यास शेतकऱ्याला मनाई होती.

ही व्यवस्था आदर्श होती असे मात्र समजण्याचे कारण नाही. मेस्ताच्या विशेषाधिकारांमुळे शेतकरी शतकानुशतके गांजला होता आणि पिकाची नासाडी हा दोघांमधील नित्याचा तंटा होता. १८३६ साली मेस्ता बरखास्त झाली. पुढे कळप आगगाडीने आणि नंतर मालमोटारींनी जाऊ लागले, वाटांवरची वर्दळ ओसरली. मग जे व्हावयाचे तेच झाले. दोन्ही बाजूंचे नांगर वर्षाला हात-दोन हात आत सरकू लागले. कोठे डांबरी रस्ता झाला, कोठे वस्ती उठली, कोठे वाट केवळ नकाशावर उरली. गावाकडची पाणंद अशीच आक्रसत गेलेली पाहणाऱ्या मराठी वाचकाला याचे अधिक वर्णन करून सांगावयास नको.

स्पेनने यावर जो उपाय केला तो लक्षात घेण्याजोगा आहे. १९९५ सालच्या कायद्याने या सर्व वाटा सार्वजनिक मालमत्ता म्हणून निश्चित केल्या. त्या विकता येत नाहीत, कर्जापोटी जप्त करता येत नाहीत, आणि कितीही वर्षे वहिवाट केली तरी त्यांवर कोणाची मालकी शाबीत होत नाही. देशभरात अशा वाटांची लांबी सुमारे सव्वा लाख किलोमीटर आणि क्षेत्र सुमारे चार लाख हेक्टर आहे. देशाच्या भूमीचा जवळजवळ शंभरावा हिस्सा! याच कायद्याने पायी फिरणे, घोड्यावरून जाणे आणि बिनमोटारीच्या वाहनांवरून क्रीडाप्रवास करणे या गोष्टींना परवानगी दिली; पण एका अटीवर. वाटेवर पहिला हक्क गुरामेंढरांचा. कळप समोर आला की सायकलस्वाराने बाजूला व्हावयाचे. यात केवळ शिष्टाचार नाही. आपण कोणाच्या घरात पाहुणे आहोत याची ती कायदेशीर आठवण आहे.

ही आठवण राजधानीलाही दरसाल करून दिली जाते. १९९४ पासून शरद ऋतूत माद्रिदच्या मध्यवस्तीतून मेंढ्यांचे कळप नेले जातात आणि १४१८ सालच्या करारातील दरानुसार, हजार मेंढ्यांमागे पन्नास ‘मारावेदी’ असा कर मेंढपाळ नगरपालिकेला विधिपूर्वक देतात. प्रवासी त्याची छायाचित्रे काढतात हे खरे. पण न वापरलेला हक्क बुडतो, हे त्या मेंढपाळांना पुरते ठाऊक आहे.

मेंढ्यांच्या वाटांना पुढे आणखी वारसे येऊन मिळाले. धान्य वाहून नेण्यासाठी १७५३ साली सुरू झालेला आणि १८४९ साली कसाबसा थांबलेला कास्तीलचा कालवा २०७ किलोमीटर लांबीचा आहे. त्याच्या काठाने खेचरे दोर ओढीत चालत आणि मागून गव्हाचे पडाव सरकत. दहा-बारा वर्षांतच आगगाडी आली आणि कालव्याची रया गेली. १९५९ साली त्यावरील वाहतूक कायमची थांबली. आता त्याचे पाणी शेतीला मिळते आणि खेचरांच्या सपाट वाटेवरून, पॉप्लर वृक्षांच्या सावलीतून सायकली जातात. ज्या आगगाडीने कालव्याला मारले तिच्याही अनेक शाखा पुढे बंद पडल्या. १९९३ पासून अशा लोहमार्गांचे रूळ नसलेले बांध ‘हिरव्या वाटा’ म्हणून खुले करण्यात येऊ लागले आणि आज त्यांची लांबी तीन हजार किलोमीटरांच्या वर गेली आहे. अँदालुसियात पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा ही छत्तीस किलोमीटरांची वाट तर विलक्षणच म्हणावयास हवी. १९२० च्या दशकात काम सुरू झालेल्या या मार्गावर तीस बोगदे खोदले गेले, पूल उभे राहिले. पण पैसा संपला, यादवी युद्ध पेटले आणि गाडी एकदाही धावली नाही. गाडीसाठी आखलेल्या त्या सौम्य चढावरून आज शाळकरी मुलेही सायकलीने जाऊ शकतात.

नद्यांच्या काठी हाच प्रकार दिसतो. उत्तरेच्या डोंगरांत फोंतीब्रे येथे उगम पावणारी एब्रो नदी सुमारे ९३० किलोमीटर वाहून भूमध्य समुद्राला मिळते. तिच्या सोबतीने आखलेली वाट प्रारंभी घळीतून उतरते, ला रिओहाच्या द्राक्षमळ्यांतून जाते, सारागोसाच्या भाजीपाल्याच्या मळ्यांना वळसा घालते आणि अखेरीस त्रिभुज प्रदेशातील भातखाचरांत पोचते. पाणी, माती आणि माणसाचे श्रम यांनी भूमी कशी बदलते, याचा भूगोलाच्या पुस्तकात न मावणारा हा धडा आहे.

येथवर चित्र रम्य आहे. दुसरी बाजू तेरुएल प्रांतात दिसते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या प्रांताची वस्ती सुमारे अडीच लाख होती. आज ती एक लाख पस्तीस हजारांच्या आसपास आहे. दर चौरस किलोमीटरला जेमतेम नऊ माणसे! १९५० आणि १९६० च्या दशकांत येथील तरुण बार्सेलोना, व्हॅलेन्सिया, माद्रिद येथे गेले, कित्येक परदेशी गेले, आणि बहुतेक परतले नाहीत. या प्रांतातून व शेजारच्या कुएन्का आणि ग्वादालाहारा प्रांतांतून जाणाऱ्या सुमारे सातशे किलोमीटरांच्या एका सायकलमार्गाला ‘रिकामे डोंगर’ असेच नाव दिलेले आहे. जी शांतता सायकलस्वाराला हवीहवीशी वाटते, ती तेथे राहणाऱ्याच्या लेखी शाळा बंद झाल्याची, दवाखाना दूर गेल्याची शांतता असते.

सायकलस्वार येतो तेव्हा पाव विकत घेतो, गावच्या एकुलत्या उपाहारगृहात कॉफी पितो, एखादी खोली भाड्याने घेतो. ज्या गावात ते उपाहारगृहच चावडीचेही काम करते, तेथे एवढी विक्रीही क्षुल्लक नसते. पण तो वसंतात किंवा शरदात येतो. कडक उन्हाळ्यात आणि बर्फाळ हिवाळ्यात येत नाही. आणि शाळेचे बाक त्याच्याने भरत नाहीत. म्हणूनच १९९९ मध्ये तेरुएलमध्ये ‘तेरुएलही अस्तित्वात आहे’ या घोषवाक्यानिशी चळवळ उभी राहिली, ती आगगाडी, रस्ते आणि वैद्यकीय सोयी मागत. ३१ मार्च २०१९ रोजी ओस पडलेल्या प्रांतांतील हजारो लोक माद्रिदच्या रस्त्यांवर उतरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीत या चळवळीने संसदेत एक जागाही मिळवली. पर्यटनाने खेडी तरतील, असे सुलभ उत्तर देणाऱ्यांनी या लोकांची मागणी एकदा नीट ऐकावी.

आणखी एक कटू उदाहरण आहे. माद्रिदच्या आग्नेयेस ‘कान्यादा रेआल गालियाना’ या जुन्या मेंढवाटेवर सुमारे चौदा किलोमीटर लांबीची वस्ती वसली आहे. कामगार, स्थलांतरित आणि रोमा समाजाची गरीब कुटुंबे तेथे राहतात. २०११ साली त्या भागाचे वाट म्हणून असलेले स्थान कायद्यानेच काढून घेण्यात आले. २०२० च्या ऑक्टोबरात वस्तीच्या मोठ्या भागातील वीज गेली आणि हजारो माणसे पुढे वर्षानुवर्षे अंधारात राहिली. वाट सर्वांची, असे म्हणताना ज्यांना डोक्यावर छप्परच नाही त्यांचे काय, हा प्रश्न कायद्याच्या एखाद्या कलमाने सुटत नाही. वाटेची राखण करणाऱ्या राज्यसंस्थेने माणसांच्या निवाऱ्याचीही चिंता वाहावयास हवी.

मग या सायकलींचे महत्त्व ते काय? ते मर्यादित आहे, पण खरे आहे. मेंढपाळ कमी झाले, खेचरे गेली, गाड्या बंद पडल्या. अशा वेळी वाटेवर कोणी तरी वावरत राहणे आवश्यक असते. वर्दळ असली की नांगर आत घुसल्याचे कोणाच्या तरी लक्षात येते, फाटकाला कुलूप घातले की कोणी तरी तक्रार करतो. सातशे वर्षांपूर्वी लोकरीच्या व्यापारासाठी राखलेली भूमी आज विद्यार्थ्याला, कारकुनाला, निवृत्त शिक्षकाला विनामूल्य उपलब्ध होते, कारण मधल्या काळात ती विकली गेली नाही. एकदा विकलेली वाट परत मिळविणे किती दुष्कर असते, हे स्पेनला ज्या वाटा गमवाव्या लागल्या त्यांवरून कळते. ज्या उरल्या, त्या कोणत्याही एका पिढीच्या नव्हेत. त्यांवरून मेंढ्यांना आधी जाऊ द्यावे, फाटक उघडले तर मागे लावून घ्यावे आणि वाट पुढच्यासाठी होती तेवढीच रुंद ठेवावी, एवढे पथ्य पाळणाऱ्या प्रत्येकाचा तिच्यावर हक्क आहे.