ट्रॅक्टर लोडरचा हायड्रॉलिक पंप

ट्रॅक्टर लोडरचा हायड्रॉलिक पंप हा इंजिनाच्या शक्तीवर तेलाचा प्रवाह निर्माण करणारा भाग आहे. या प्रवाहामुळे लोडरचे हात व बकेट हलतात. जळगाव जिल्ह्यातील यावलसारख्या केळी पिकवणाऱ्या तालुक्यांत शेणखत, माती व मुरूम भरण्यासाठी लोडर उपयोगी पडतो. जुन्या लोडरचा मूळ पंप मिळेनासा झाल्यास पर्यायी पंप निवडावा लागतो.

कार्य

पंप प्रवाह देतो. दाब निर्माण होतो तो बोजाच्या विरोधामुळे. या दाबाची कमाल मर्यादा रिलीफ व्हॉल्व्ह ठरवतो. त्यामुळे मोठा पंप बसवल्याने लोडर अधिक वजन उचलत नाही, केवळ अधिक वेगाने हलतो.

क्षमतेची गणना

एका फेऱ्यात पंप जितके घन सेंटिमीटर तेल ढकलतो, त्याला दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून १००० ने भागल्यास प्रवाह लिटरमध्ये मिळतो. २० घन सेंटिमीटरचा पंप १५०० फेऱ्यांना मिनिटाला ३० लिटर तेल देतो. ६३ मिलिमीटर व्यासाचे व ५० सेंटिमीटर धावेचे दोन सिलिंडर भरण्यास सुमारे ३.१ लिटर तेल लागते. म्हणजे हात पूर्ण उचलण्यास सुमारे ६ सेकंद लागतात. १५० बार दाबास या पंपाला ७.५ किलोवॅट, म्हणजे सुमारे १० अश्वशक्ती लागते. दुप्पट क्षमतेचा पंप २० अश्वशक्ती मागतो. ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी तो निम्म्याहून अधिक भार ठरतो. हाच २० घन सेंटिमीटरचा पंप ५४० फेऱ्यांच्या पीटीओवर थेट जोडल्यास प्रवाह १०.८ लिटरच राहतो. म्हणून तेथे वेग वाढवणारी गिअरपेटी वापरतात.

इतर निकष

शाफ्टचा प्रकार, फ्लँजचे माप व फिरण्याची दिशा जुळणे आवश्यक असते. दिशा शाफ्टच्या बाजूने पाहून ठरवतात. ती चुकल्यास शाफ्टचे सील फुटू शकते. बहुतेक जुन्या लोडरमध्ये कंट्रोल व्हॉल्व्ह मोकळा असताना तेल टाकीकडे परत वाहते. अशा रचनेस साधा गिअर पंप योग्य ठरतो. पंप मोठा केल्यास शोषण नळीही रुंद लागते. ती अरुंद राहिल्यास तेलात पोकळ्या निर्माण होऊन पंप झिजतो.

तेल व उष्णता

खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. तापलेले तेल पातळ होते, पंपातील अंतर्गत गळती वाढते व लोडर मंदावतो. म्हणून उत्पादकाने मान्य केलेल्या श्रेणींपैकी दाट तेल उन्हाळ्यात सोयीचे ठरते.

बदलापूर्वीची तपासणी

लोडर मंदावण्याचे कारण नेहमी पंपच असतो असे नाही. तुंबलेला फिल्टर, शोषण नळीतून शिरणारी हवा, सैल झालेला रिलीफ व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरचे झिजलेले सील यांमुळेही हीच लक्षणे दिसतात. म्हणून आधी दाबमापकाने तपासणी करतात. पंप आतून तुटला असल्यास धातूचे कण तेलात पसरतात. टाकी व नळ्या स्वच्छ न केल्यास नवा पंपही लवकर निकामी होतो.

सुरक्षितता

काम सुरू करण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून नळ्यांतील दाब सोडणे आवश्यक असते. सूक्ष्म छिद्रातून उडणारे तेल त्वचेत घुसून गंभीर इजा करू शकते. म्हणून गळती हाताने नव्हे, तर पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधतात. अशी इजा झाल्यास जखम लहान दिसली तरी तातडीने रुग्णालयात जावे लागते.